पिंपळगावचा लिलाव आणि लिस्बनची जहाजं

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा हंगाम रंगात आला की क्रेटांची थप्पी लावलेल्या पिकअप दुपारपासून रांगेत उभ्या असतात. व्यापारी वरचा क्रेट बघतो, मग हात घालून खालचा माल काढून बघतो आणि बोली सुरू होते. याला आपण लिलाव म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज आहे. जुन्या मराठीत तो ‘लिलांव’ असा अनुस्वार देऊन लिहीत, आणि तो उच्चार मूळ शब्दाच्या जास्त जवळ जातो. पोर्तुगिजांनी तो अरबीतून उचलला. म्हणजे अरबांकडून पोर्तुगालच्या राजधानीला, लिस्बनला, तिथून आफ्रिकेला वळसा घालून चौल-वसई-गोव्याला आणि मग घाट चढून थेट निफाड तालुक्यात. ज्याची बोली चालली आहे तो टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, मेक्सिकोत माणसाळलेला. त्याचं नावही तिथल्या नाहुआ लोकांच्या ‘तोमात्ल’वरून आलेलं. शेजारच्या लासलगावचा कांदा तेवढा आशियातला, पण त्याचाही सौदा लिलावानेच होतो.

समुद्रपर्यटनांचा इतिहास शाळेत राजे, खलाशी आणि सनावळ्या एवढ्यावर आटोपतो. जहाज ज्या मालासाठी निघालं तो माल ठरलेल्या ठिकाणी पोचला, विकला गेला, संपला. त्या मालाबरोबर जे न सांगता उतरलं ते मात्र राहिलं, वाढलं आणि पुढच्या चारशे-पाचशे वर्षांची शेती, जेवण, पैसा आणि माणसांची नशिबं बदलून गेलं. हे समजून घ्यायला बंदरातच जायला हवं असं नाही. सह्याद्रीच्या या बाजूला, जिथून समुद्र दिसतही नाही अशा नाशिक जिल्ह्यात त्याच्या खुणा शेताशेतात आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. १४९८ मध्ये पोर्तुगीज इथे पोचले, पण त्याआधी आपला समुद्र रिकामा नव्हता. पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात गोवर्धन, म्हणजे नाशिकच्या परिसराबरोबर शूर्पारक आणि भरुकच्छ ही नावं येतात. ती आजची सोपारा आणि भडोच बंदरं. थळ घाटातून माल उतरत होता, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेशी व्यापार चालू होता, आणि तो वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालायचा. नैर्ऋत्येचा वारा इकडे आणतो, ईशान्येचा वारा तिकडे नेतो. हे वेळापत्रक मोडलं तर काय होतं याचा सगळ्यात चोख दाखला पोर्तुगीज खलाशी वास्को द गामानेच दिला.

जुलै १४९७ मध्ये तो चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन निघाला. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात त्याला हा समुद्र जाणणारा वाटाड्या मिळाला. २४ एप्रिल १४९८ ला तिथून निघून २० मे रोजी तो कालिकतजवळ पोचला. सव्वीस दिवस. परतीला मात्र घाई केली. कालिकतला बिनसलं म्हणून ऑगस्टच्या अखेरीस निघाला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने भर समुद्रात शिडं उभारली. पावसाळी वारा संपलेला, ईशान्येचा अजून बसलेला नाही. मधल्या या दिवसांत समुद्र पडून असतो. जो पल्ला येताना सव्वीस दिवसांचा होता त्याला जवळजवळ तीन महिने लागले.

तीन महिने हा आकडा शरीराच्या दृष्टीने घातक. माणसाच्या अंगातला क जीवनसत्त्वाचा साठा ताजी फळं-भाजी बंद झाल्यावर दोन-तीन महिनेच पुरतो. तो संपला की ऊती बांधून ठेवणारं कोलॅजन नीट तयार होत नाही. हिरड्या सुजून दातांवर चढतात, पाय सुजतात, भरून आलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. या रोगाचं नाव स्कर्व्ही. त्या एका पल्ल्यात तीस माणसं गेली आणि एकेका जहाजावर कामाला उभे राहू शकणारे सात-आठच उरले. माणसं पुरेनात म्हणून एक जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकावं लागलं. जेम्स लिंड या आरमारी डॉक्टरने १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे सगळ्यात आधी उठले. तरी इंग्रजी आरमारात लिंबाचा रस सरसकट मिळायला १७९५ उजाडलं. मधली ४८ वर्षं खलाशी मरत राहिले.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण पुढची गोष्ट या रोगातूनच निघते. लांबच्या जलमार्गाला वाटेत भाजीपाला लागतो. म्हणून सेंट हेलेना बेटावर फळझाडं लावली गेली, म्हणून डच कंपनीने १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आधी भाजीचा मळा केला आणि त्या मळ्याभोवती केपटाऊन वाढलं. जहाजं बी-बियाणं, रोपं आणि कंद बरोबर वागवू लागली. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेलं जहाज गोव्याला सप्टेंबरच्या सुमारास लागायचं. साधारण सहा महिने उष्ण, दमट, खाऱ्या हवेत. यात जे टिकेल तेच पोचणार. वाळलेल्या मिरचीचं बी टिकतं, मक्याचा दाणा टिकतो, तंबाखूचं बी तर धुळीसारखं बारीक, चिमूटभरात एकरभराची रोपं होतात. बटाट्याचं तसं नाही; उकाड्यात त्याला कोंब फुटतात नाहीतर तो सडतो. त्यामुळे मिरची, मका, तंबाखू लवकर आणि भराभर पसरले. बटाट्याने पोर्तुगिजांचं नाव घेतलं, पण आपल्याकडे तो खऱ्या अर्थाने पसरला इंग्रजांच्या काळात.

मिरचीबद्दल थोडं थांबायलाच हवं. गामा ज्यासाठी आला ते मिरं. मिऱ्याच्या वेलाला मलबारचा पाऊस आणि आधाराला झाड लागतं. ते घाटमाथ्यावरच्या माणसाला विकतच घ्यावं लागे. मिरची परसात, सांडपाण्यावर, चार महिन्यांत येते. तिखटपणा ही विकत घ्यायची वस्तू होती, ती परसात फुकट पिकू लागली. नाव देताना आपण तिला मिऱ्याचंच धाकटं नाव दिलं आणि मग मिऱ्याला स्वयंपाकघरातून जवळपास काढूनच टाकलं. ज्या वस्तूसाठी पोर्तुगीज जीव धोक्यात घालून आले त्या वस्तूची गरज त्यांनीच आणलेल्या बियांनी इथल्या गरिबाच्या घरातून संपवली. माझ्या मते त्या काळातला आपल्या ताटातला हा सगळ्यात मोठा बदल.

उपवासाचं ताटही बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. शेंगदाणा, बटाटा, रताळं, राजगिरा, हिरवी मिरची, सगळे अमेरिकेचे. उपवासाला काय चालत नाही याचे नियम बसले तेव्हा ही पिकं इथे नव्हतीच, त्यामुळे वर्ज्य धान्यांत त्यांचं नाव यायचा प्रश्न नव्हता, आणि उशिरा आलेले पाहुणे सोवळ्यात शिरले, असं दिसतं. भगर तेवढी आपली. इगतपुरी-पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर ती आजही पिकते. आणि तिच्यावर आपण वाढतो दाण्याची आमटी.

चांदीचा प्रवास वेगळा. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसी इथे चांदीचा डोंगर सापडला, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटरवर. वरवरचं सकस खनिज संपल्यावर कमी प्रतीच्या खनिजातून चांदी काढायची पद्धत लागत होती. ती मेक्सिकोतल्या पाचुका इथे बार्तोलोमे दे मेदिनाने १५५४ च्या सुमारास बसवली. खनिज दळायचं, फरसबंदी अंगणात चिखलासारखं पसरायचं, त्यात मीठ आणि पारा घालायचा, खेचरांकडून आठवडेच्या आठवडे तुडवून घ्यायचं. पारा चांदीला धरतो. मग पाण्याने माती धुऊन टाकायची आणि उरलेला गोळा तापवायचा. पारा वाफ होऊन जातो, चांदी राहते. ती वाफ कामगारांच्या फुप्फुसात जाई. पोतोसीला पारा पेरूमधल्या वांकावेलिकाच्या खाणीतून येई आणि खाणीवर मजूर येत ते ‘मिता’ या वेठबिगारीतून. ठरावीक प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एकाची पाळी. देवी, गोवर अशा युरोपातून आलेल्या रोगांनी तिथली माणसं आधीच लाखांनी मेली होती. उरलेल्यांची ही गत.

ही चांदी आपल्याकडे का आली? कारण युरोपकडे इथे खपेल असं फारसं काही नव्हतं. आपलं सुती कापड, नीळ, मिरं त्यांना हवं होतं आणि त्याची किंमत चांदीतच चुकती करावी लागे. स्पेनचं आठ रियालचं नाणं सुमारे २७ ग्रॅमचं. परकी नाणी मुघल मुलखात सरसकट चालत नसत. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळवून रुपये पाडून घ्यावे लागत. रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा आणि जवळपास शुद्ध. टांकसाळीची मजुरी आणि घट वजा जाता एका रियालच्या नाण्यामागे दोनाहून थोडे जास्त रुपये हाती येत. हिंदुस्थानात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. तेव्हा सारा रोखीत भरा, सैन्याला पगार रोखीत द्या, ही जी व्यवस्था मुघलांनी पक्की केली तिच्या तळाशी पोतोसीची चांदी होती. (पगार हा शब्दही पोर्तुगीज.)

सुरतेहून दख्खनकडे येणारी एक वाट बागलाणातून येते. मुल्हेरच्या राठोड राजांची स्वतःची टांकसाळ होती आणि तिथे पाडलेली महमुदी नाणी पार सुरतेच्या बाजारात चालत. १६३८ मध्ये बागलाण मुघलांकडे गेलं. त्याच वाटेने ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन परतत होते. चांदवडजवळ मुघल फौज आडवी आली, लूट पुढे काढून देऊन महाराज स्वतः मागे लढायला थांबले आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या मैदानात दाऊदखानाची फौज मोडली. त्या पेट्यांतला बराच रुपया आधी रियाल होता आणि त्याच्या आधी अँडीजमधला दगड. आज त्या मैदानावर टोमॅटो आणि द्राक्षं आहेत, तीही लांबून आलेली.

माणसंही लांबून आली, आणि आणली गेली. अटलांटिकच्या पलीकडे उसाच्या आणि तंबाखूच्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यातली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. हिंदी महासागरातही गुलामांचा व्यापार होता, आणि त्याचा एक धागा आपल्या शरणपूरला येऊन पोचतो. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. इंग्रजी आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यातली बरीच शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात पाठवली जात; तिथे त्यांना लिहिणं-वाचणं आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या सफरीत ही मुलं होती आणि प्रवासवर्णनांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असाच येतो. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेत वारला तेव्हा झाडावर त्याच्या नावाचा लेख कोरणारा आणि प्रार्थना म्हणणारा जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला होता. तो पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा लावणाऱ्यांत होता. पुढे १८७५ मध्ये मोम्बासाजवळ मुक्त गुलामांची फ्रेरे टाऊन ही वस्ती वसली, तिच्या उभारणीत नाशिकहून परतलेली माणसं होती. शरणपूर रोडवर त्यांच्या नावाची एखादी पाटी लागावी असं मनापासून वाटतं.

आता द्राक्ष.

ओझर, दिंडोरी, निफाड कुठल्याही बागेत वेलीच्या खोडाशी बसून बघा. जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर एक गाठ दिसते. गाठीच्या वर थॉमसन किंवा त्याच कुळातला सोनाका, तास-ए-गणेश, म्हणजे मूळ पश्चिम आशियातलं द्राक्ष. गाठीच्या खाली डॉगरिज, टेक्सासची रानटी वेल; मुळं देणाऱ्या या खालच्या भागाला खुंट म्हणतात. एकाच झाडात दोन खंड जोडलेले. ही जोडणी का करावी लागली याची कहाणी म्हणजे जहाजातून काहीच एकटं उतरत नाही याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा.

शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला पाच-सहा आठवडे लागत. वेलीच्या मुळावर बारीक किडे असले तर ते, किंवा वेलच, वाटेत मरायची. मग दोन गोष्टी बदलल्या. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने काचेच्या बंद पेटीत रोप आपल्याच ओलाव्यावर जगतं हे पाहून १८३३ मध्ये अशा पेट्या सिडनीला पाठवून दाखवल्या. आणि आगबोटी आल्या, पल्ला दहा-बारा दिवसांवर आला. आता जिवंत रोप पोचू लागलं आणि त्यावरचं सगळं बिऱ्हाडही.

१८४५ मध्ये इंग्लंडात द्राक्षावर भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, दिसली, काही वर्षांत ती फ्रान्सभर पसरली. हा अमेरिकेचा रोग. अमेरिकन वेलींना तो बाधत नाही असं दिसल्यावर बागायतदारांनी त्या वेली मागवल्या. त्यांच्या मुळांवरून फिलॉक्सेरा आला. मिलिमीटरभर पिवळा किडा, मुळातला रस शोषतो. त्या जखमांतून मूळ कुजतं. बागा वाळू लागल्या, पण कारण सापडेना. मेलेली वेल उपटून बघितली तर मुळावर काहीच नाही. १८६८ मध्ये प्लांशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी शेजारची वरून निरोगी दिसणारी वेल उपटली, मुळं भिंगाखाली धरली, तेव्हा किड्यांचे थर दिसले. मेलेल्या वेलीत रस उरत नाही, किडा पुढच्या वेलीवर गेलेला असतो. रोग शोधायचा तर मेलेलं झाड उपटून उपयोग नाही, त्याच्या शेजारचं बघावं लागतं. मर रोग किंवा सूत्रकृमी शोधताना आजही हेच करतात.

अमेरिकन मुळं या किड्याला तोंड देतात, म्हणून त्यांच्यावर युरोपची द्राक्षं कलम करायची असं ठरलं. पण चुनखडीच्या जमिनीत त्यातल्या पुष्कळ वेली पिवळ्या पडल्या; चुन्यामुळे त्यांना लोह उचलता येईना. १८८७ मध्ये फ्रान्सने पिएर व्हियाला या द्राक्षशास्त्रज्ञाला अमेरिकेत धाडलं. टेक्सासच्या चुनखडीतच वाढणाऱ्या रानवेली तिथल्या टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञाने त्याला दाखवल्या. डॉगरिज त्याच टेक्सासची. आपल्याकडे खुंट आला तो फिलॉक्सेराच्या भीतीने नाही. काळ्या जमिनीतला क्षार, विहिरींचं मचूळ पाणी आणि उन्हाळ्यातली टंचाई यांना तोंड द्यायला आला.

कलम करताना चुकतं कुठे तेही सांगतो. खुंटाची लागवड जानेवारी-फेब्रुवारीत, कलम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. खुंटाची काडी पेन्सिलीएवढी, आठ-दहा मिलिमीटर जाड हवी. डोळकाडी, म्हणजे वर जोडायची द्राक्षाची काडी, दोन डोळ्यांची, तेवढ्याच जाडीची. तिच्या टोकाची पाचर चार-पाच सेंटिमीटर लांब, एका सपाट घावात. करवतल्यासारखी झाली तर मधे हवा राहते. दोन्ही जाड्या जुळत नसतील तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवायची, कारण जोड धरतो तो सालीखालचा हिरवा थर. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट बांधायची. ऑक्टोबरनंतर थंडी पडली की कलमं फुटायला रडतात, म्हणून उशीर नको. आणि गाठ मातीत कधीही गाडायची नाही. भर लावताना ती झाकली गेली की वरच्या थॉमसनला स्वतःची मुळं फुटतात, ती क्षाराच्या पाण्यात जातात आणि खुंटाचा सगळा खर्च वाया. डॉगरिजचा एक दोषही माहीत हवा: पाणी आणि नत्र जास्त झालं की वेल माजते, काडी जाडजूड होते आणि घड कमी लागतात.

फ्रान्सची कहाणी इथे संपली नाही. खुंटासाठी मागवलेल्या अमेरिकन वेलींबरोबर १८७८ मध्ये डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, आला. पहिल्या रोगावरच्या उपायातून दुसरा आला, दुसऱ्याच्या उपायातून तिसरा. डाऊनीचं औषध मात्र योगायोगाने सापडलं. बोर्डोजवळ मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोक तोडून नेत, म्हणून बागायतदार त्या ओळींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं निळं पाणी मारून ठेवत. १८८२ च्या ऑक्टोबरात मिलार्दे नावाचा प्राध्यापक तिथून जाताना त्याला दिसलं की आतल्या ओळींची पानं गळली आहेत आणि रस्त्याकडेच्या निळ्या ओळी हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्याने प्रमाण प्रसिद्ध केलं.

ते मिश्रण आजही नाशिकच्या प्रत्येक बागेत होतं, आणि अजूनही चुकीचं केलं जातं. एक टक्क्याच्या बोर्डोला १०० लिटर पाण्यामागे एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर ५० लिटर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये वरच्या पाण्यात लोंबकळत ठेवा. तळाशी टाकला तर खडे तसेच राहतात. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही, कारण तांबं त्यावर बसतं आणि द्रावणातून निघून जातं. चुना वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात विरवा, पूर्ण थंड होऊ द्या, गाळा, ५० लिटर करा. चुना कोमट असताना मिसळलं तर कण जाड होतात, पानावर चिकटत नाहीत आणि नोझल तुंबतो. दोन्ही धारा एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये सोडत काडीने ढवळा. रंग आकाशी यायला हवा. मग स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. ते फवारलं तर पानं करपतील. चुन्याची निवळी घालत पुन्हा बघा, सामू (पीएच) सात ते आठच्या मध्ये आणा. उघड्या पोत्यातला जुना चुना हवेने मेलेला असतो, मोजून किलोभर घातला तरी पुरत नाही. बहुतेक करपण्याचं कारण तेच. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा आणि त्यात दुसरं औषध मिसळू नका. घड लागल्यावर बोर्डो टाळतात, मण्यावर निळे डाग राहतात.

ही साखळी तुटलेली नाही. टोमॅटो आपल्याकडे कित्येक पिढ्यांपूर्वी आला; त्याच्या मूळ देशातली टूटा अळी २००६ मध्ये स्पेनला पोचली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात. येवला-मालेगाव-चांदवडकडच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळीचं तेच. २०१६ मध्ये आफ्रिका, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा, आणि त्याच वर्षी ती आपल्या मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले की तीच. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचते. फवारा वरून भुरभुरून उपयोग नसतो, तो पोंग्यातच उतरला पाहिजे, आणि अळी मोठी व्हायच्या आत. मोठी अळी आपल्याच विष्ठेची बूच लावून आत बसते, औषध पोचतच नाही. पीक आपलंसं होऊन जातं, त्याचे शत्रू मागाहून येत राहतात. त्या शत्रूंचे शत्रू मात्र आपोआप येत नाहीत. ते मुद्दाम आणावे लागतात, जसे गाजरगवतासाठी १९८० च्या दशकात मेक्सिकन भुंगे आणून सोडले.

फिलॉक्सेराच्या धसक्याने युरोपातले देश १८७८ मध्ये बर्नला जमले आणि रोपं-वेलींच्या वाहतुकीवर त्यांनी करार केला. वनस्पतींच्या रोगांसाठी देशांनी मिळून केलेला तो पहिला करार. आज नाशिकहून निघणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक कंटेनरला जो फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-किडी नसल्याचा, दाखला लागतो त्याचं मूळ तिथे आहे. पॅकहाउसमध्ये त्या कागदाला कटकट म्हणतात. फ्रान्सच्या निम्म्याहून जास्त बागा ज्यापायी गेल्या तो किडा डोळ्यांसमोर आणला की तसं म्हणवणार नाही.

कंटेनर न्हावा शेव्याहून सुएझमार्गे रॉटरडॅमला साधारण तीन-चार आठवड्यांत जातो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षं केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली. गामाचीच वाट, उलट दिशेने. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास वाढला. अशा लांब पल्ल्याला पेटीची तयारी वेगळी लागते. तोडणी सकाळी लवकर, पाच-सहा तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट गार करायला, मण्याच्या आतलं तापमान चार अंशांखाली आल्याशिवाय माल कोल्डरूममध्ये हलवायचा नाही. कंटेनर शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशावर. पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा पॅड दोन टप्प्यांचा हवा: पहिला थर दोन-तीन दिवसांत जोर दाखवतो, दुसरा आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटत राहतो. हा पॅड ओलाव्याने चालू होतो. गार मण्यांना भरताना बाहेरची गरम हवा लागली की पिशवीत दव धरतं, पॅड एकदम सुटतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात आणि चौथ्या आठवड्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा पॅडमध्ये काही उरलेलं नसतं. पेटी उघडली की राखाडी बुरशी. सुएझच्या पल्ल्यात ही चूक कधी कधी झाकली जाते. केपला वळसा घालून गेलेल्या पेटीत ती झाकली जात नाही.